गोचिडीवर पीएचडी करायला ऑस्ट्रेलियात यायचं म्हणतोस, तर…

मॅडम नको म्हणू, ताई म्हण. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या त्याच व्हेटर्नरी कॉलेजातून मीही निघाले आहे. तू तीन गोष्टी विचारल्यास: कुत्र्यांच्या रक्तातल्या परजीवींवर एमव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकातली मास्टर्स, झाल्यावर इथे पीएचडी मिळेल का, थिसिसचे नमुने सोबत आणता येतील का, आणि घरचा मोती येऊ शकेल का. चौथी विचारली नाहीस, पण कळली. बाबांना तू पशुधन विकास अधिकारी झालेला हवा आहेस.

मोतीचं आधी उरकते. भारतातून कुत्रं थेट इथे आणताच येत नाही. मधल्या एखाद्या मान्यताप्राप्त देशात त्याला काही महिने ठेवायचं, तिथे तपासण्या करायच्या, मग इथलं क्वारंटाइन. पैसा जातो तो जातोच, कुत्रंही खचतं. आजीजवळ राहू दे त्याला.

पण त्या तपासण्यांची यादी एकदा वाचून बघ. रेबीजच्या सोबतीला एहर्लिकिया कॅनिस आहे. तसा तो जिवाणू, पण गोचीड आणते म्हणून आपल्या पॅरासायटॉलॉजीवाल्यांच्याच गळ्यात पडलेला. २०२० पर्यंत हा देश त्यापासून मुक्त समजला जायचा. त्या वर्षी मे महिन्यात वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात, कधी देशाबाहेर न गेलेल्या कुत्र्यांत तो सापडला आणि पुढे नॉर्दर्न टेरिटरीतही निघाला. त्याला वाहून नेणारी तपकिरी गोचीड इथे आधीपासून होतीच. नाकातून रक्त, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, घसरलेले प्लेटलेट: आपल्या ओपीडीत हे पाहून पहिल्या वर्षाचं पोरगंही ‘डॉक्सी, अठ्ठावीस दिवस’ म्हणतं, म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक. इथले चांगले मुरलेले डॉक्टर तेव्हा हा आजार पुस्तकातून वाचत होते. म्हणून म्हणते, नागपूरची ओपीडी बायोडेटाच्या तळाशी लपवू नकोस. तुझं भांडवल तेच आहे.

मात्र नुसतं ‘मी खूप केसेस पाहिल्या’ इथे चालत नाही, हे मी तोंडघशी पडून शिकले. पहिल्याच मीटिंगमध्ये ऐटीत म्हणाले, आमच्याकडे बबेसिया गिब्सोनी आणि हेपॅटोझून हे रक्तातले दोन परजीवी एकाच कुत्र्यात सर्रास दिसतात. गाइडनं शांतपणे विचारलं, किती कुत्र्यांत किती? माझ्याकडे आकडा नव्हता. स्लाइडचा अख्खा डबा होता, पण नंबर मार्करनं लिहिलेले. मिथेनॉलमध्ये बुडवल्याबरोबर शाई वाहून गेलेली, आणि कोणती स्लाइड कोणत्या केसपेपरची हे देवालाच ठाऊक. दोन वर्षं कानाच्या कडेला टोचून थेंब थेंब काढलेलं रक्त ते. आजही आठवलं की पोटात कालवतं.

तेव्हा उद्यापासून स्लाइडच्या खरखरीत टोकावर शिसपेन्सिलीनं केस नंबर आणि तारीख टाक. कुत्र्याचं वय, वस्ती, अंगावर गोचीड होती का, कुठे होती, हे त्याच दिवशी वहीत उतरव. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, मोरुला (पेशीतला जिवाणूंचा पुंजका) दिसला नाही म्हणून एहर्लिकिया नाही असं लिहू नकोस. तो दिसतोच क्वचित, म्हणून पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) झालेले नमुने वेगळे मांड. आणि प्रपोजलमध्ये डोळे मिटून तपकिरी गोचिडीला ‘र्‍हिपिसेफॅलस सँग्विनियस’ लिहू नकोस. उष्ण प्रदेशातल्या वंशाला २०२१ पासून ‘र्‍हिपिसेफॅलस लिनीई’ म्हणतात. आपली कोणती, ते जनुकीय तपासणीवरून ठरव. तुझ्या मेलमध्ये हे एक वाक्य नीट असलं तरी प्रोफेसर पुढचं वाचतो. मेल एका पानाचाच ठेव. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग’ वगैरे काढून टाक.

नमुन्यांचं: रक्त, डीएनए, गोचिडी, काहीही बॅगेत टाकू नकोस. इकडून आयात परवाना लागतो, आणि तिकडून जैवविविधता कायदा, २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी. हे दोन संस्थांनी बसून करायचं काम आहे, विद्यार्थ्यानं खिशात घालून न्यायचं नाही. डीएनएचे सिक्वेन्स मात्र गाइडला विचारून जेनबँकेत, म्हणजे सिक्वेन्सच्या खुल्या ऑनलाइन साठ्यात, टाक. त्याला बॅग लागत नाही. आणि गोठ्यात वापरलेले गमबूट आणणार असशील तर घासूनपुसून आण, विमानतळावर कार्डावर खरं लिही. माझ्या बुटाच्या खाचेत नखाएवढी माती निघाली. कस्टमच्या बाईंनी ब्रश घेऊन स्वतः बूट धुतले, मी शेजारी मान खाली घालून उभी.

पैशाचं थोडक्यात. इथल्या सरकारच्या रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅमची स्कॉलरशिप मिळाली तर फी माफ आणि वर स्टायपेंड. ती नसेल तर स्वतःच्या खर्चानं पीएचडी करू नकोस, बाबांचा पीएफ मोडू नकोस. पीएचडीला इथलं डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशन लागत नाही. पण ते नसताना शेजाऱ्याच्या कुत्र्याला इंजेक्शनही द्यायचं नाही, आणि ते मिळवायच्या परीक्षा महाग आहेत. सवय मोडायला मला वर्ष गेलं. इथे पूर्व किनाऱ्यावर एक गोचीड अशी आहे की तिच्या विषानं कुत्रं मागच्या पायांपासून लुळं पडतं. पार्कमध्ये अडखळणारं कुत्रं पाहिलं की हात शिवशिवतात, आणि मी फक्त जवळच्या क्लिनिकचा पत्ता सांगते.

बाबांशी भांडू नकोस. एमपीएससीचा फॉर्म भर, मन लावून दे. इथलं उत्तर यायलाच वर्ष जातं, तोवर हातात काहीतरी असलेलं बरं. नोकरी लागली तर दवाखान्यात स्लाइड बनतीलच. तोपर्यंत तुझ्या दहा-बारा चांगल्या स्मिअरचे फोटो मला पाठव, ऑइल इमर्शनचे, स्केल बार घालून. गिब्सोनी समजून रंगाचा डाग पाठवलास तर मात्र बोलेन.