पत्रकारितेला पोरगी घालू का?

प्रश्न : मुलगी सांगलीत बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पत्रकारिताच करणार म्हणून हटून बसलीय. पुण्यातल्या खाजगी कॉलेजची फी ऐकून डोकं गरगरलं, द्राक्षबागेवर सोसायटीचं कर्ज आहेच. शिकून पगार तरी मिळतो का? – एक पालक, तासगाव

उत्तर : दादा, सरळ सांगतो, ह्या कोर्ससाठी कर्ज काढू नका. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मास कम्युनिकेशन आहे, पुण्यालाच जायचं तर रानडे इन्स्टिट्यूट, तेही पुणे विद्यापीठाचंच. खाजगीवाले लाखात घेतात आणि आधी स्टुडिओ दाखवतात, तुम्ही स्टुडिओ बघू नका, गेल्या वर्षीची पोरं कुठं लागली ते विचारा, त्यातल्या दोघांचे नंबर मागा, टाळाटाळ केली की उठायचं.

आता पगार. मी विट्याला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो, मिळायचं ते मानधन, पेट्रोललाही पुरायचं नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे ज्या पुढाऱ्याच्या विरोधात सकाळी बातमी लावली त्याच्याच दारात संध्याकाळी वाढदिवसाच्या पुरवणीसाठी उभं राहायचं, आणि तो चहा पाजून हसत हसत अर्धं पानच द्यायचा. पत्रकारांच्या पगारासाठीचा मजिठिया वेतन आयोग 2011 ला सरकारनं मान्य केला, 2014 ला सुप्रीम कोर्टानंही उचलून धरला, पण आम्ही कुणाच्या मस्टरवरच नव्हतो. पैशाचं काढलं की वरिष्ठ मंडळी सुधारककार आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र ऐकवायची, पोटापुरतं मिळालं की बास वगैरे. अहो, आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, आदर आहेच, पण ते त्यांनी स्वतःपुरतं लिहिलं होतं, दुसऱ्याचा पगार कापायला नाही.

बरं, पदवी घेतलेले सगळे पेपरातच जातात असंही नाही. कुणी पीआरमध्ये म्हणजे जनसंपर्कात, कुणी कंपन्यांचं सोशल मीडिया बघतं, सरकारच्या माहिती खात्यातल्या जागांनाही ही पदवी चालते, एमपीएससीतून. मराठीबरोबर इंग्रजी पक्कं केलं आणि मोबाईलवर व्हिडिओ कापता आला तर पहिली नोकरी जरा लवकर लागते, आणि चांगला पैसा पुण्या-मुंबईत, हेही मनाची तयारी करूनच.

आणि अॅडमिशनच्या आधी पोरीला एकदा तासगावच्या बेदाण्याच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला पाठवा, घरी येऊन वीस ओळी लिहू देत. नुसता किलोचा दर लिहून आली तर अजून थोडं थांबा, पण बॉक्स फोडून बघताना जो बेदाणा खाली सांडतो त्याचा तोटा कुणाच्या नावावर पडतो हे विचारून आली तर फॉर्म भरून टाका.