पसंतीचे कार्यालय कोणते लिहावे?

प्रश्न : मी सोलापुरात पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. मोठ्या लॉ फर्मचा इंटर्नशिपचा अर्ज भरताना ‘पसंतीचे कार्यालय’ असा एक रकाना येतो आणि माझे घोडे तिथेच अडते. मुंबईला फार गर्दी असते, म्हणून बंगळुरू लिही, असे मैत्रीण म्हणते. दिल्लीचे नाव बायोडाटावर वजनदार दिसते, असे वरच्या वर्गातले सांगतात. वडिलांना पुणे बरे वाटते, कारण सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसले की चार तासांत पोहोचता येते. आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे, घरी तेलुगू बोलतो आणि हैदराबादला नातेवाईकही आहेत. मला बँकिंग आणि कंपनी कायद्यात रस आहे. मे आणि डिसेंबर असे दोन महिने मोकळे आहेत. कोणते शहर धरावे?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्राचा बराचसा भाग शहरांविषयी आहे आणि कामाविषयी एकच वाक्य आहे, खरे उत्तर मात्र त्या एका वाक्यातून निघते. लॉ फर्मचे नाव चारही शहरांत एकच असले, तरी प्रत्येक कार्यालयातील काम सारखे नसते. ज्या गावात जे नियामक, जी न्यायाधिकरणे आणि जे पक्षकार असतात, त्या गावच्या कार्यालयात त्याच प्रकारच्या फायली येतात. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही मोठे शेअर बाजार आणि बहुतेक मोठ्या बँकांची मुख्यालये मुंबईत आहेत. त्यामुळे कर्जव्यवहार, रोखे, कंपन्यांची खरेदी-विक्री यांचे सर्वाधिक काम तिथेच चालते. महाराष्ट्रात नोंदलेली एखादी खासगी साखर कंपनी दिवाळखोरीत गेली, तर तिची सुनावणीही राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे होते, मग तिचे गाळप आपल्या जिल्ह्यात का चालेना. दिल्लीचे बळ वेगळे आहे. तिथे सर्वोच्च न्यायालय आहे, स्पर्धा आयोग आहे, वीजविषयक अपील न्यायाधिकरण आहे. ज्याला अपिले आणि नियामक वाद यांत उतरायचे आहे, त्याने दिल्ली धरावी. बंगळुरूच्या कार्यालयात तंत्रज्ञान कंपन्या, नवउद्योग आणि त्यांत पैसा घालणारे गुंतवणूकदार यांचे करारमदार अधिक असतात. तुम्हाला बँकिंग हवे असेल तर पहिल्या रकान्यात मुंबई लिहा, आणि गर्दीची भीती त्या निर्णयातून वगळा.

गर्दी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील मुले मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांवर तुटून पडतात. परंतु गर्दी टाळण्यासाठी बंगळुरू लिहिणाऱ्याचा अर्ज ओळखू येतो. काही वर्षे मी अर्ज छाननीच्या कामात होतो, तेव्हाचे एक पत्र अजून आठवते. पहिल्या परिच्छेदात अर्जदाराला रोखे बाजाराची ‘नितांत आवड’ होती, दुसऱ्यात त्याला ‘आपल्या कोणत्याही कार्यालयात’ काम करायचे होते, आणि आम्ही ज्या शहरात बसलो होतो तिथे रोख्यांचे काम करणारा एकही पार्टनर नव्हता. मुलगा हुशार असावा, गुणपत्रिका चांगली होती, पण ते पत्र आम्ही बाजूला ठेवले. अर्ज पाठवण्यापूर्वी फर्मच्या संकेतस्थळावर कोणता पार्टनर कोणत्या शहरात बसतो, हे अवश्य पाहावे. दहा मिनिटांचे हे काम फार थोडे अर्जदार करतात.

आता ज्या गोष्टीला तुम्ही पत्रात मोजलेच नाही, तिच्याकडे येतो. तुम्ही मराठी कागद वाचू शकता. मुंबई आणि पुणे येथील कार्यालयांत जमिनीच्या मालकीचा शोध घेण्याचे काम मोठे असते. प्रकल्पाला कर्ज देणारी बँक असो की सौरऊर्जेसाठी शेकडो एकर जमीन घेणारी कंपनी, प्रत्येक गटाचा सात-बारा, जुने फेरफार, वाटणीपत्रे आणि दुय्यम निबंधकाकडील इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) तपासूनच पुढे जाते. ‘एकुमे म्हणजे काय’, असा प्रश्न परप्रांतातून आलेल्या असोसिएटला, म्हणजे फर्मच्या नोकरदार वकिलाला, पडतो. एकुमे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून लागलेले नाव आणि स्वतंत्र मालक म्हणून लागलेले नाव यांत काय फरक पडतो, आणि बहिणींची नावे कोणत्या फेरफाराने कमी झाली, हे ज्याला चटकन दिसते तो इंटर्न दुसऱ्या दिवसापासून उपयोगी ठरतो. गावात किंवा नात्यात असे कागद तुम्ही हाताळले असतील, तर ते पत्रात एका वाक्यात स्पष्ट लिहा. हे भांडवल दिल्लीत किंवा बंगळुरूत फारसे चालत नाही. त्याच न्यायाने हैदराबाद हा तुमचा दुसरा पर्याय असू शकतो. सुमारे ३०० किलोमीटरवरचे शहर, राहायला हक्काचे घर आणि तोंडात तेलुगू, हा योग सोलापूरकरांखेरीज फार थोड्यांच्या वाट्याला येतो. घरी तेलुगू नुसती बोलली जात असेल आणि वाचता येत नसेल, तर मात्र तसे प्रामाणिकपणे लिहावे. पहिल्याच दस्तापाशी ते उघडे पडते.

पुण्याविषयी तुमच्या वडिलांचे म्हणणे अगदीच बाजूला सारू नका, पण हुतात्मा एक्स्प्रेस हे पुणे निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. चार तास जाऊन चार तास परत येण्याच्या बेताने कोणी इंटर्नशिप करत नाही. खोली घ्यावीच लागते. पुण्याची कारणे निराळी आहेत: तेथील कारखानदारी, बांधकाम व्यवसाय, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे करार आणि राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ. प्रदूषण कायद्याकडे ओढा असता, तर पुणे पहिले लिहा, असेच मी सांगितले असते.

महिन्यांचाही विचार करा, कारण माझी स्वतःची फसगत तिथेच झाली. विद्यार्थी असताना मुंबईतील एका फर्मच्या दावे चालवणाऱ्या विभागात मी मे महिना मिळवला आणि त्याचा मोठा आनंद मानला. उच्च न्यायालय उन्हाळी सुट्टीवर गेलेले होते, तातडीची प्रकरणे तेवढी चालत होती, आणि चार आठवडे मी एका लोखंडी कपाटातील जुन्या फायलींची यादी करत बसलो. कपाटाच्या वरच्या खणात कोणाचा तरी जेवणाचा डबा विसरलेला होता, तो सापडणे हीच त्या महिन्यातील मोठी घटना. मे महिन्यात करारांचे आणि कर्जव्यवहारांचे काम करणारा विभाग निवडावा, कारण त्यांना न्यायालयाची सुट्टी लागू नसते. दावे पाहायचे असतील तर डिसेंबर ठेवावा आणि नाताळच्या सुट्टीपूर्वी काम आटोपेल अशा बेताने तारखा मागाव्यात. तुमच्या बाबतीत मे मुंबईला आणि डिसेंबर न्यायालयाला, अशी वाटणी मला योग्य दिसते.

आणखी एक. पुढे नोकरी देताना अनेक फर्म ज्या कार्यालयात तुम्ही काम केले, तेथील लोकांचे मत विचारतात. म्हणून चार शहरांत एकेक महिना घालवण्यापेक्षा एकाच शहरात दोनदा जाणे बहुधा फायद्याचे ठरते. पाचव्या वर्षी मुंबईत परत जाता येईल, असा बेत आत्ताच आखा, आणि राहण्या-खाण्याचा खर्च घरी मोकळेपणाने बोलून घ्या. विद्यावेतन सगळीकडे मिळतेच असे नाही.

प्रश्न : मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मोठ्या फर्मकडून उत्तर येत नाही. सोलापुरातच एखाद्या वकिलांकडे इंटर्नशिप केली तर वर्ष वाया जाईल का? वकील व्हायचे तर हायकोर्टासाठी मुंबईच गाठावी लागेल, असेही ऐकतो.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : वाया जाणार नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, एका वर्षी सलग चार आठवड्यांहून अधिक धरली जात नाही, आणि दावे व अपिले चालवणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी काम करणे आवश्यक असते. पहिल्या वर्षी ते काम जिल्हा न्यायालयातच उरकावे. रोज सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहावा, वकिलांच्या मागे उभे राहून रोजनामा, म्हणजे कामकाजाची रोजची नोंद, कसा लिहिला जातो ते पाहावे, एखाद्या दाव्याची कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, स्वतः लिहून त्यांच्याकडून तांबड्या शाईने दुरुस्त करून घ्यावी.

मुंबईच गाठावी लागेल, हे आता सोलापूरपुरते खरे राहिलेले नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. दिवाणी-फौजदारी अपिलांत रस असेल तर दुसऱ्या वर्षी तिथल्या एखाद्या वकिलांकडे विचारणा करा. तिथे नव्याने कार्यालये थाटणाऱ्यांना मदतनीस हवे असतात, आणि सोलापूरच्या कनिष्ठ न्यायालयातील कागदपत्रे लावून देणारा विद्यार्थी त्यांना नकोसा होणार नाही. मोठ्या फर्मना दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा अर्ज करा आणि तेव्हा जिल्हा न्यायालयात स्वतः लिहिलेल्या त्या कैफियतीची नावे वगळलेली प्रत सोबत जोडा. मात्र त्यापूर्वी तुमच्या वकिलांची परवानगी घ्या.