घरच्या पोकरमध्ये वातावरण खेळीमेळीचं कसं ठेवायचं?

नाशिकला कॉलेज रोडच्या आमच्या घरी दर शनिवारी सहा-सात जण पोकर खेळतो, पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांवर. वातावरण बिघडतं ते हरल्यामुळे नाही, हरलेल्याने दिलेल्या शिकवणीमुळे. नवख्याने सत्ती-दुर्रीसारखे अगदी कमकुवत पत्ते धरून कॉल केला, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स लावल्या, आणि पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर तो जिंकला, तर ‘छान’ म्हणा आणि पुढचा डाव वाटा. ‘असं कुणी खेळतं का?’ ऐकून आमचा एक मित्र यायचाच बंद झाला, मला अजून वाईट वाटतं. ज्याने डाव सोडून पत्ते टाकले त्याने चालू डावावर बोलू नये. शेवटी पत्ते दाखवताना जिंकणारे पत्ते असतील तर लगेच उघडा, समोरच्याला ताटकळत ठेवू नका. आणि चिवड्याची बशी बाजूच्या स्टुलावर ठेवा, तेलकट बोटांनी पत्ते चिकटतात.