रस्त्यावर हाफ मॅरेथॉन पळतो, सिंहगड-राजगड-तोरणा ५३ किमी झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय अडतीस, पुण्यातल्या डांबरी रस्त्यावर हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आसपास होते, अधूनमधून एखादा गड चढता, आणि डिसेंबरातल्या एसआरटी अल्ट्राच्या, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा या तीन गडांवरून जाणाऱ्या डोंगरी शर्यतीच्या, ५३ किमी गटात नाव घालायचं मनात आहे. झेपेल का, आणि तयारी कशी करायची?

दम तुमच्याकडे आहे, मांड्या अजून तयार नाहीत. या शर्यतीत चढावर माणूस दमतो, पण मोडतो तो उतारावर. सिंहगडाच्या चढावर ऐटीत पुढे गेलेली माणसं मी राजगड उतरताना दगडाला धरून आडवी पावलं टाकताना पाहिली आहेत. त्यांचा श्वास अगदी व्यवस्थित चालू असतो. पाय मात्र ऐकत नाहीत.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी तयारी त्यावरच उभी आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असताना शरीराचं वजन पेलून धरतो, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं पुढच्या एक-दोन दिवसांत टिपेला जातं, पण ताकद त्याच दिवशी, तिथल्या तिथे कमी होते. रस्त्यावर कितीही किलोमीटर पळा, या कामाची सवय लागत नाही. दिलासा असा की शरीर हे लवकर शिकतं. एकदा चांगला लांब उतार पळून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तसाच उतार पुन्हा पळलात तर दुखणं आणि ताकद जाणं, दोन्ही बरंच कमी होतं. थोडक्यात, उतार सोसायचा तर उतारच पळावा लागतो, आणि तो शर्यतीआधी बऱ्याचदा पळून झालेला असावा लागतो.

पुण्यातले बरेच जण नेमकं याच्या उलट करतात. पहाटे अटकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढायचा, पुणे दरवाज्यात घड्याळ बंद करायचं, किती मिनिटं लागली ते मित्रांना कळवायचं, भजी आणि दही खायचं आणि जीपनं खाली यायचं. चढाचा सराव म्हणून हे उत्तम आहे, पण तुमच्या कामाचा भाग ते जीपमध्ये बसून सोडून देतात. तुम्ही चढ शांतपणे चाला, बोलता येईल इतक्याच दमानं, आणि सरावाची सुरुवात पुणे दरवाज्यातून खाली येताना झाली असं धरा.

उतरायचं कसं, तर पावलं आखूड आणि भरभर. टाच पुढे रोवून थांबायला गेलात की सगळा धक्का गुडघ्यात जातो आणि वाटेवर मुरूम असेल तर पाय सटकतो. गुडघे किंचित वाकलेले, कंबर मागे न टाकता शरीर उताराच्या कलानं, हात दोन्ही बाजूंना मोकळे. नजर पायाखाली नको, तीन-चार मीटर पुढे हवी. पाय कुठे पडणार हे डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असलं की पाय आपोआप तिथे जातो. गर्दीच्या रविवारी हे करू नका. वाटेवर लहान मुलं असतात, वयस्कर माणसं असतात, ताकाची हंडी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या मावश्या असतात. वाट त्यांची आधी. मधल्या वारी, उजाडता उजाडता जा.

आता मार्गाबद्दल. शर्यतीचा नेमका मार्ग, चेकपॉइंट आणि वेळेच्या मर्यादा त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच घ्या. इथे मी सांगतो ती ट्रेकर मंडळींची जुनी वाट, कारण जमिनीचा स्वभाव तिच्यावरून कळतो. सिंहगडाची उंची १३१२ मीटर, पायथ्यापासून चढ सहाशे मीटरच्या घरात. कल्याण दरवाज्यातून बाहेर पडलं की दक्षिणेकडे धार धरून विंझरच्या बाजूला उतरायचं. इथे डिसेंबरात कमरेएवढं वाळलेलं गवत आणि त्याखाली सुटे गोटे असतात. गवत पायाखाली आडवं झालं की त्यावरून बूट बर्फावरून घसरावा तसा घसरतो. मग शेतं, गाडीवाट, गुंजवण्यापर्यंतचा सपाट भाग. रस्त्यावर पळणाऱ्याला इथे आपलं घर आल्यासारखं वाटतं आणि तो सुसाट सुटतो. तसं करू नका. इथे मिळवलेली दहा मिनिटं राजगडाच्या चढावर व्याजासकट जातात.

गुंजवण्याहून चोर दरवाज्याची वाट शेवटी चांगलीच उभी होते. तिथे पळण्याचा प्रश्नच नाही. हात मांड्यांवर दाबून, कंबरेतून थोडं वाकून, एकसारखी पावलं टाकत चालायचं. चढ चालणं म्हणजे हार मानणं, असं रस्त्यावरच्या माणसाला वाटतं. डोंगरात पुढच्या फळीतली माणसंही उभा चढ चालतात, फक्त ती न थांबता चालतात. चढ चालण्याचा वेगळा सराव करा. मी तर म्हणेन, आठवड्यातला एक दिवस पाठीवर शर्यतीतली पिशवी घेऊन फक्त चढ चालण्यासाठी ठेवा.

राजगड ते तोरणा हा माझ्या लेखी सगळ्या मार्गाचा गाभा. राजगडाची संजीवनी माची हळूहळू अरुंद होत जाते, दुहेरी तटबंदीमधून चालताना एका बाजूला खालचं खोरं आणि समोर तोरण्याची अजस्र भिंत. अळू दरवाज्यातून खाली उतरलं की पहिली काही मिनिटं हात वापरावे लागतात. कोरडा घसारा, मधूनच कातळाचा टप्पा, आधाराला कारवीच्या काटक्या. मग लांबलचक सोंड, मध्ये खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, आणि तिथून पुन्हा धारेवरून चढत तोरण्याच्या बुधला माचीकडे. सावली जवळजवळ नाही. पहाटे कुडकुडत निघालेला माणूस इथे भर उन्हात असतो. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि तो गाठल्यावर आनंद होतो तो खरा, पण बिनी दरवाज्यातून वेल्ह्याकडे उतरणारी वाट अजून बाकी असते. शर्यत तिथे ठरते. ज्याच्या मांड्या शाबूत आहेत तो तिथे पळत खाली येतो आणि वाटेत कित्येकांना मागे टाकतो.

हाफ मॅरेथॉन दोन तासांत, म्हणजे ५३ किमी पाच-साडेपाच तासांत, हा हिशोब डोक्यातून काढून टाका. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना, जिला सगळे आयट्रा म्हणतात, ती शर्यतीचा कस मोजताना दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जादा धरते. आल्प्समध्ये शामोनीहून सुटणारी यूटीएमबी ही शर्यत अंदाजे १७० किमी आणि १०,००० मीटर चढाची आहे, तिची गणना या हिशोबात २७० किमीच्या आसपास जाते. तुमच्या शर्यतीलाही हेच सूत्र लावून बघा. वर त्यात उताराचं आणि खडबडीत वाटेचं ओझं मोजलेलंच नाही. माझा अनुभव असा की ही शर्यत पहिल्यांदा पळणाऱ्याला रस्त्याच्या हिशोबाच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. तेवढे तास पायांवर राहायची सवय करा आणि सराव किलोमीटरऐवजी तासांत मोजा.

५३ किमीला नाव घालण्याआधी एक चाचणी घ्या. एका दिवशी सिंहगड लागोपाठ दोनदा चढून, दोन्ही वेळा पळत उतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी घराचा जिना कठडा न धरता उतरता आला तर बिनधास्त नाव घाला. नाही आला तर याच शर्यतीत २५ किमीचा गट असतो, यंदा तो पळा. तो काही लहान मुलांचा गट नाही, डोंगर तोच आहे.

तयारीला पाच-सहा महिने हाताशी असतील तर पावसाळा मध्ये येतो. शेवाळलेल्या कातळावर पळण्याचा हट्ट कुणीही करू नये. त्या दिवसांत जिने आणि टेकड्या वापरा. पर्वतीच्या पायऱ्या, वेताळ टेकडी, तळजाई, जे जवळ असेल ते. घरी पायरीच्या काठावर एका पायानं उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवायचा, पुन्हा वर घ्यायचा. पाच सेकंदांत खाली, तेवढंच सावकाश. दिसायला क्षुल्लक व्यायाम, पण उतारात स्नायू जे काम करतो तेच हुबेहूब यात होतं. पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं आणि घोट्यासाठी एका पायावर तोल सांभाळणं रोज जमतं, दात घासतानाही. पाऊस सरला की दर आठवड्याला एक मोठा उतार, आणि महिन्यातून एकदा कात्रज ते सिंहगडसारखी चढउतारांची लांब वाट. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी. त्यानंतर मांड्यांना विश्रांती, मित्र कितीही आग्रह करोत.

बूट ट्रेलचे घ्या, तळाला खोल दाते असलेले, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून. उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडून गळतात. शेवटच्या भोकातून नाडी ओवून टाच घट्ट बांधली तर पाऊल पुढे सरकत नाही. नखं दोन दिवस आधीच कापा. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालू नयेत हे तुम्हाला माहीत असेलच.

खाण्याबद्दल लोक फार गोंधळ घालतात. दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक-दोन केळ्यांइतकं काहीतरी, सुरुवातीपासून, भूक लागण्याची वाट न बघता. पाकिटातली गोड एनर्जी जेल चालत असतील तर घ्या. मला स्वतःला उन्हात गोड नकोसं होतं, म्हणून मी उकडलेले बटाटे मीठ लावून, राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर ठेवतो. काय पचतं ते सरावातच ठरवा. पाणी तहानेप्रमाणे. नुसतं साधं पाणी भरमसाट पिणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजून घड्याळ किंवा अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी ढोसू नका, चेकपॉइंटवरच्या डॉक्टरांना गाठा. आणि पळताना आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या किडनीला इजा करू शकतात. मांड्या दुखतात म्हणून खिशातून गोळी काढणारे दिसतात आणि मला फार काळजी वाटते.

एक गोष्ट शहरातल्या पळणाऱ्यांना कुणी सांगत नाही. आपल्या गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. शर्यतीच्या दिवशी अत्तर, डिओ, वासाचं सनस्क्रीन काही लावू नका, आणि मोहोळ दिसलं तर आरडाओरडा न करता निमूटपणे पुढे सरका.

राजगड, तोरणा या जागा तुमच्या-माझ्या मनात काय आहेत ते मी सांगायला नको. ओव्यांसारखे रचलेले ते तट आपल्या पायांनी ढासळू नयेत म्हणून आखलेली वाट सोडून आडवं उतरू नका, आणि जेलचं फाडलेलं टोकसुद्धा खिशात घालून परत आणा.

आणि पाय खरंच गेले, तर चेकपॉइंटवर थांबा. पण परस्पर कुणाच्या गाडीत बसून घरी जाऊ नका. तिथल्या स्वयंसेवकाला तुमचा बिब नंबर, म्हणजे छातीवरच्या कागदावरचा क्रमांक, सांगा, त्यानं तो वहीत लिहून घेतलेला डोळ्यांनी बघा, मगच निघा. नाहीतर तुम्ही घरी जेवत असता आणि गावातली पोरं बॅटऱ्या घेऊन तुम्हाला सोंडेवर शोधत असतात.