एमएसडब्ल्यू झालंय. बालगृहाची अधीक्षक व्हायला किती वर्षं लागतात आणि सोबत एमबीए करावं का?

एमबीए आत्ता नको. आधी चार-पाच वर्षं परिविक्षा अधिकारी म्हणून गृहचौकश्या करा, म्हणजे मुलांच्या घरी जाऊन परिस्थिती बघा. मी सहा वर्षं केल्या, मग अकरा वर्षं अधीक्षक होते. पण याच मुद्द्यावर माझ्या पहिल्या साहेबांशी झालेला वाद अजून मनातून जात नाही.

स्टेशनवर सापडलेला नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे चौदा महिने होता. फाइलवर शेरा: 'पत्ता सांगता येत नाही.' घर कुठे विचारलं की म्हणायचा, "कारखान्यापाशी." एकदा स्वयंपाकघरात मेथी निवडताना तो शेजारी येऊन बसला. काड्या गोळा करून त्याने मोळी केली आणि एका लांब काडीला पीळ देऊन ती आवळली. ऊसतोडवाले उसाच्या वाढ्याने (शेंड्याच्या पानांनी) बांधतात, अगदी तशी. त्या दिवशी मी पत्ता विचारणं सोडलं आणि मुकादमाचं, म्हणजे ऊसतोडीची टोळी आणणाऱ्याचं, नाव विचारलं. ते त्याने लगेच सांगितलं, बैलांच्या नावांसकट!

साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांना फोन करत गेले. सातव्या ठिकाणी मुकादम सापडला. आई कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत होती. बापाने दोन दिवस शोधलं होतं, पण आगाऊ घेतलेली उचल अंगावर, आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. एक गेला की दुसऱ्याचंही काम थांबतं. आईने विचारलं, "जेवतो का?" एवढंच.

साहेब माझ्यावर संतापले. "अधिकाऱ्याने फाइल सांभाळायची, गावं हिंडायची नाहीत. मुलं कमी झाली की अनुदान कमी होतं." आमचं संस्थेचं बालगृह, अनुदान डोक्यामागे. आता तर 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 3 मध्येच मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलंय. साहेब, तुमचं तेव्हाही चुकलं होतं. मी अधीक्षक झाल्यावर 'पत्ता नाही' असा शेरा असलेली फाइल मुलाला समोर बसवून स्वतः वाचायचे. गरिबीपायी आलेलं मूल असेल तर पहिला प्रश्न बालसंगोपन योजनेचा, म्हणजे मूल कुटुंबातच राहावं म्हणून मिळणाऱ्या सरकारी मदतीचा. महिना 2250 रुपयांत मूल घरी राहत असेल, तर खाट कशाला अडवायची?

तुमच्या वर्षांच्या प्रश्नाचं: शासकीय परिविक्षा अधिकारी सरळसेवेने (थेट भरतीने), गट क. त्यावरच्या अधिकारी पदांसाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा द्या, वाट बघत बसू नका. संस्थेत मात्र सगळं विश्वस्तांच्या हातात, आणि अनुदान रखडलं की पगारही रखडतो. घर चालवायची जबाबदारी तुमच्यावर असेल तर हे आधी विचारात घ्या.

आणि हो, प्रत्येक मुलाला घरी पाठवायचंच असं माझं म्हणणं नाही. मारहाणीला कंटाळून पळालेली मुलं मी पाहिलीत. तिथे मुलाबद्दल निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर 'पाठवू नका' असं लिहून द्यावं लागतं. पण तेसुद्धा त्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन आल्यावरच लिहिता येतं.