मोठ्या लॉ फर्मच्या पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीच्या अहवालात कितपत तथ्य असतं? बाहेरून कसं ओळखायचं?

तुम्ही लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात, एका मोठ्या फर्मची ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) टीम जॉइन करावी का असं विचारताय आणि तिचा अहवाल खरा आहे की दिखाऊ हे बाहेरून कसं कळेल, असाही प्रश्न आहे. तो दुसरा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो. मी वकील नाही. फोर्टातल्या एका मोठ्या फर्ममध्ये चोवीस वर्षं क्लार्क होतो. आधी कोर्टाचं फायलिंग, मग लवादाच्या (म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करायच्या) मॅटरचे कागदपत्रांचे सेट बांधणं आणि कागदाचा स्टॉक. अशा अहवालात जो कागदाचा आकडा असतो, तो माझ्या वहीतून जायचा.

आधी हे समजून घ्या की अहवाल काढा असं कोणताही कायदा लॉ फर्मला सांगत नाही. कंपनी कायद्याचं कलम 135, ते दोन टक्क्यांचं सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च), कंपन्यांना लागू. फर्म म्हणजे भागीदारी नाहीतर एलएलपी, मर्यादित जबाबदारीची भागीदारी. मग अहवाल येतो कुठून? क्लायंटकडून. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2021 मध्ये बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल, आणलं आणि 2022-23 पासून बाजारमूल्यात पहिल्या हजारात असलेल्या कंपन्यांना ते सक्तीचं केलं. मग त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना फॉर्म पाठवू लागल्या. त्यांच्या यादीत पाण्याच्या बाटल्यावाला असतो तशी लॉ फर्मही असते.

आमच्याकडे असा फॉर्म 2023 मध्ये आला. अ‍ॅडमिनच्या मॅनेजरने मला बोलावलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं, वर्षाला कागद किती किलो? मी वही काढली. ऑफिसातला खप 3,900 रीम (एक रीम म्हणजे 500 कागद). फोर्टातल्या झेरॉक्सवाल्याकडे करून घेतलेला 2,600 रीम. ए फोर, 75 जीएसएमचा रीम 2 किलो 340 ग्रॅम भरतो. एकूण 6,500 रीम, म्हणजे पंधरा टनांच्या वर. ते म्हणाले, ‘बाहेरचा धरू नका, तो त्याचा कागद.’

मी म्हटलं, ऑर्डर आपली, पानं आपली, बिल आपल्या नावाने येतं आणि किरकोळ खर्च म्हणून तेच आपण क्लायंटच्या बिलात लावतो. ज्या कंपनीने हा फॉर्म पाठवलाय तिने त्या झेरॉक्सचे पैसे भरलेत. तिच्याच हिशेबात असलेला कागद तिच्यापासून लपवायचा कशाला? ते म्हणाले, तुम्ही आकडा द्या, बाकीचं आम्ही बघतो. फॉर्ममध्ये 3,900 रीमचे किलो गेले.

हा बाहेरचा कागद येतो कसा, तेही सांगतो, कारण ईएसजी टीममध्ये बसून तो दिसणार नाही. लवादाचं एक मॅटर होतं. 1,640 पानं, दहा सेट. निवाडा करणारे तीन लवाद, समोरची बाजू, आपली बाजू मांडणारे ज्येष्ठ वकील म्हणजे सीनियर काउन्सेल, त्यांचे दोन ज्युनियर, आमचे दोन आणि क्लायंटचा एक. एकपाठी प्रिंट म्हणजे 16,400 कागद, तेहतीस रीम. रात्री साडेअकराला सहा पानांचं एक जुनं पत्र सापडलं, ते पान 212 नंतर यायला हवं होतं. मी म्हटलं 212ए ते 212एफ करू, इंडेक्सचं एक पान बदलू. असं आम्ही कोर्टातही वर्षानुवर्षं केलेलं आहे. असोसिएट, म्हणजे फर्मचा पगारी वकील, म्हणाला, दिसायला बरं दिसत नाही. सगळं पुन्हा नंबर घालून पुन्हा प्रिंट. तेहतीस रीमचे सहासष्ट झाले. पाऊणशे किलोहून जास्त कोरा करकरीत कागद पहाटे पोत्यात भरून मी तुकडे करायला पाठवला, कारण गोपनीय म्हणून रद्दीतही देता येत नाही. सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2020 पासून ए फोर आणि पाठपोट प्रिंट सुरू केलं. लवादात तर कोर्टाचे नियमच नसतात. निदान आपले पाच सेट पाठपोट काढू, हे मी किमान दहा वेळा सांगितलं असेल. उत्तर ठरलेलं, काउन्सेलला डाव्या कोऱ्या पानावर टिपणं काढायला लागतात. मग काउन्सेलचे तीन सेट सोडा आणि उरलेल्या दोनांपासून सुरू करा. तेही झालं नाही.

आता त्याच फॉर्मच्या वरच्या ओळीकडे येतो. कंत्राटी कामगारांची पीएफसारखी कायदेशीर देणी वेळेवर भरली जातात का? समोर ‘हो’ लिहिलेलं. मी ते वाचलं आणि मला पॅन्ट्रीतला पोरगा आठवला. सेटच्या रात्री टीम थांबली की चहासाठी तोही थांबायचा. झेरॉक्सच्या मशिनशी उभा असताना त्याने मला मोबाइल दाखवला होता, ‘काका, पगारातून तर कापतात, मग इथे काहीच का येत नाही?’ पीएफचं पासबुक, सात महिने एकही नोंद नाही. 13,500 वर बारा टक्के म्हणजे महिना 1,620. सात महिन्यांचे 11,340 त्याच्या खिशातले, आणि तेवढेच मालकाच्या बाजूचे. आम्ही हाउसकीपिंगच्या मावशींना विचारलं, त्यांचंही तेच.

मी मॅनेजरला सांगितलं, ‘हो’ खोटं आहे. ते म्हणाले, ती माणसं एजन्सीची आहेत, आपली नाहीत. मग एका पार्टनर सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, तुम्ही फायलिंग बघा. चोवीस वर्षांत मला ऑफिसात लागलेलं हे सगळ्यात कडू वाक्य. मी फायलिंगच बघत होतो. कोर्टात खोटी अ‍ॅफिडेव्हिट जाऊ नये म्हणून प्रत्येक सही, प्रत्येक तारीख तपासणं हेच माझं काम होतं, आणि इथे एक खोटा कागद माझ्या डोळ्यांदेखत बाहेर जात होता.

एका ज्युनियर मॅडमनी मला पीएफ योजनेचा परिच्छेद 30 काढून दिला. कंत्राटदारामार्फत ठेवलेल्या कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे ज्याच्याकडे ते काम करतात त्याची आहे, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. तेव्हाच्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात पगाराचंही तसंच होतं, कंत्राटदाराने बुडवला तर मुख्य मालकाने द्यायचा. याच परिच्छेदावर आमच्या फर्मने क्लायंटांना सल्ला दिलेला होता आणि ती फाइल मीच बांधली होती. मी चार जणांच्या पासबुकांचे प्रिंट जोडून एक पानाचं पत्र दिलं, इनवर्डचा शिक्का मारून घेतला. महिनाभरात चलनं मागवली गेली आणि पैसे जमा झाले. फॉर्म मात्र दुरुस्त झाला नाही. पुढच्या एप्रिलला एजन्सी बदलली, नव्या एजन्सीने त्या पोराला घेतलं नाही. मावशी राहिल्या.

फॉर्म आला त्याच वर्षी जूनमध्ये फर्मच्या दोन बस मुरबाडकडे झाडं लावायला गेल्या होत्या. मीही गेलो होतो, आणि झाडं लावणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण झाडं लावायला वकील लागत नाहीत. वकिलांनाच जमेल असं काम पडलेलं आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा हक्क आहे. बार कौन्सिलच्या नियमांतही गरजूंना मदत करणं हे वकिलाचं कर्तव्य म्हटलंय. फर्मच्या शंभर-दोनशे वकिलांनी वर्षाला एकेका कच्च्या कैद्याचा जामीन अर्ज चालवला, तर मी त्याला जबाबदारी म्हणेन. तसं होत नाही, कारण ते तास बिलाच्या टार्गेटमध्ये धरत नाहीत. इंटरव्ह्यूला हाच प्रश्न विचारा. प्रो बोनोचा, म्हणजे फुकट केलेल्या कामाचा, तास टार्गेटमध्ये मोजता का? उत्तर लांबलं तर समजून जा.

बाहेरून ओळखण्यासाठी अहवालात एकच बघा. हद्द कुठे आखलीय? कागदात बाहेरची छपाई धरलीय का, कर्मचाऱ्यांत सिक्युरिटी, पॅन्ट्री, हाउसकीपिंग धरलेत का, का फक्त पगारपत्रकावरचे? प्रदूषण करणाऱ्या क्लायंटचं काम घ्यावं का, हाही एक मोठा मुद्दा आहे. इंग्लंडच्या लॉ सोसायटीने, म्हणजे तिथल्या सॉलिसिटरांच्या संस्थेने, 2023 मध्ये त्यावर मार्गदर्शन काढलंय. आपल्याकडे वकिलाने आलेलं काम सहसा नाकारू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यावर माझ्यापेक्षा वकिलांनी बोलावं.

हेही सांगायला हवं की मी एकाच फर्ममध्ये काम केलंय. ई-फायलिंगमुळे कागद आता कमी झाला असेल, आणि लवादाचे सेट पेन ड्राइव्हवर देणारे लोकही मी शेवटच्या दोन वर्षांत पाहिले. ते मॅनेजर वाईट माणूस नव्हते, त्यांच्यावर फॉर्म वेळेत पाठवायचं दडपण होतं.

टीम जॉइन करा. पण असा फॉर्म तुमच्या टेबलावर आला, तर ‘हो’ लिहिण्याआधी कागदाची वही कोणाकडे असते ते शोधून त्या माणसाकडे जा. मग पॅन्ट्रीत जाऊन कोणाचं तरी पासबुक बघा. आणि तो माणूस म्हणाला की आकडा चुकलाय, तर त्याला फायलिंग बघायला सांगू नका.