कागदावर ‘मानधन’ लिहिलंय

प्रश्न : रुग्णहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेत मी आठ वर्षं आहे. वय ३९, एकटी राहते. या महिनाअखेर निरोप घेतेय. सहा महिने विश्रांती, पुढचं मग बघू. गेली तीन वर्षं पगारातून दहा टक्के टीडीएस जाऊन महिना ४५,००० हातात येतात. खर्च ३२,०००, एफडी ४ लाख. ग्रॅच्युइटी साधारण २ लाख ३० हजार मिळेल. बँकेतल्या अधिकाऱ्याने एक ‘गॅरंटीड’ योजना सुचवली आहे : वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर २० लाख. पहिले दोन हप्ते ग्रॅच्युइटीतून भरू का? कर आधीच कापला जातो, म्हणून रिटर्न कधी भरलेलं नाही. करार आणि टीडीएसचा कागद जोडला आहे.

उत्तर : योजनेचं आधी उरकतो. तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि दुप्पट होतो. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वार्षिक व्याजदर साधारण कळतो : ७२ भागिले साडेपंधरा, म्हणजे सुमारे साडेचार टक्के. एवढ्यासाठी, उत्पन्न थांबणार त्याच महिन्यात दहा वर्षांचा हप्ता गळ्यात बांधायचा? पहिल्या वर्षीचं घसघशीत कमिशन कुणाच्या खिशात जातं, ते वेगळं सांगायला नको. सही करून बसला असाल, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

आता ग्रॅच्युइटी. ती मिळणार असं तुम्हाला कुणी सांगितलं?

पत्रात पीएफचं नाव नाही, तिथेच मला शंका आली. पगारावरचा टीडीएस असा सरसकट दहा टक्के नसतो. फी घेणाऱ्याचा असतो. मग जोडलेला कागद उघडला. तो पगारदाराला मिळणारा फॉर्म १६ नाही, फी-मानधनावरच्या टीडीएसचा १६ए आहे. करारात ‘पगार’ हा शब्द एकदाही नाही. ‘सल्लागार’, ‘मानधन’, आणि दरवर्षी नूतनीकरण. हॉस्पिटलकडून तपशीलवार बिल मागून घ्या, असं आठ वर्षं रुग्णांना शिकवलंत, आणि स्वतःचा कागद वाचलाच नाहीत. (रागावू नका, या क्षेत्रातली निम्मी पत्रं मला अशीच येतात.)

कागदावर सल्लागार असणाऱ्याला ग्रॅच्युइटी नसते. तुमची हजेरी, रजेचे अर्ज, वरिष्ठांचे आदेश हे सगळं नोकरीसारखंच असेल, तर कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवायला हरकत नाही; करारातल्या नावापेक्षा प्रत्यक्ष संबंध कसा होता, हे पाहिलं जाऊ शकतं. पण त्यात वेळ जातो, आणि तुमचा २ लाख ३० हजारांचा आकडाही टीडीएस कापण्याआधीचे पूर्ण ५०,००० धरून काढलेला आहे. ग्रॅच्युइटी मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर मोजतात. तेव्हा आजच्या हिशेबात ती शून्य. एफडी आणि ग्रॅच्युइटी मिळून तुमच्या मनात वीस महिन्यांच्या खर्चाची सोय होती. प्रत्यक्षात ४ लाखांत साडेबारा महिने निघतात. सहा महिने विश्रांती परवडेल. ‘मग बघू’ मात्र पाचव्या महिन्यातच बघायला लागा.

खरा पैसा तुम्ही टाकून दिलाय तो दुसरीकडे. वर्षाचं मानधन ६ लाख, कापलेला कर ६०,०००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही; त्याआधीची दोन वर्षं ही मर्यादा ७ लाख होती. म्हणजे तुमचा कर शून्य, आणि कापलेले सगळे पैसे परत मागता येतात. पण रिटर्न भरलं तरच! तीन वर्षांचे १ लाख ८० हजार. मुदतीत असलेलं रिटर्न लगेच भरा. मुदत टळलेल्या वर्षांसाठी अद्ययावत (मुदतीनंतर भरायचं) रिटर्न भरून रिफंड मिळत नाही. विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो. त्याला त्या-त्या करनिर्धारण वर्षाच्या (कमाईच्या वर्षानंतरच्या आर्थिक वर्षाच्या) अखेरीपासून पाच वर्षांची मर्यादा आहे. मंजूर होईलच असं धरू नका, पण सीएची फी वसूल होण्याइतकी आशा नक्की आहे.

आरोग्य विमा? सल्लागाराला संस्थेच्या गटविम्यात सहसा घेत नाहीत. नसेल, तर स्वतःची १० लाखांची पॉलिसी याच आठवड्यात घ्या. आधीपासूनच्या आजारांना संरक्षण मिळेपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पॉलिसी घेतल्यापासूनच मोजला जातो.

आणि आठही वर्षांचे करार, १६ए आणि रजेचे ईमेल निरोपाच्या दिवसाआधी स्वतःकडे उतरवून घ्या. ऑफिसचा ईमेल बहुधा त्याच संध्याकाळी बंद होईल.